पट्टा रिकामा होईपर्यंत

नसलेल्या वस्तूंची इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका नसलेल्या डाळीसाठी स्वतःचं जेवण थांबवतात.

नागपुरातलं आमचं ऑफिस कारखान्यांसाठी कंट्रोलर तयार करतं. कंट्रोलर म्हणजे कुठली मोटर कधी चालू, कधी बंद हे ठरवणारा डबा. खरा डबा कारखान्यात बसण्याआधी आम्ही त्याचा तोतया संगणकात चालवून बघतो आणि प्रोग्राम गंडला की रिसेटचं बटण दाबून त्याला कोरा करतो. बाकीचे हे बटण जांभई देतादेता दाबतात. काका मात्र पडद्यावरचा माल वाहणारा पट्टा रिकामा झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. पट्ट्यावर पिवळे ठिपके सरकत असतात, ती तुरीची डाळ. शेवटचा ठिपका पोत्यात पडेपर्यंत ते हनुवटी तळहातावर टेकवून बघत बसतात. कूलरच्या वाऱ्यात त्यांचे डोळे अर्धे मिटतात आणि आपण दोघं एखाद्या तळ्याकाठी बसलो आहोत असं मलाही वाटू लागतं. एकदा समोर ग्राहक ताटकळत असताना मी वैतागून म्हटलं, "काका, खोटी डाळ आहे ती." ते म्हणाले, "डाळ खोटी असन, पन आपला हात तं खरा आहे ना. काहून घाई करून राहिली वं?" ग्राहकही मुकाट थांबला. पोतं भरलं तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला तो त्यानेच.

पावसाळ्यात काका या डाळीला ओल लावतात, म्हणजे मोटरी जराशा जड चालवतात. दुपारी एकला खोट्या मिलचा भोंगा वाजवतात, आणि आमचं अख्खं ऑफिस त्याच भोंग्यावर डबे उघडतं. नवी असताना मी चुकून त्यांचा एक कंट्रोलर भर कामात रिसेट केला होता. चहाच्या वेळी त्यांनी हळूच विचारलं, "पट्ट्यावर किती पोते होते वं?" मी शिकलेली इंजिनिअर, पण त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक जुना तोतया मात्र वर्षानुवर्षं चालूच होता. कळमेश्वरच्या एका डाळ मिलमध्ये काकांची उमेदीची वर्षं गेली. एका सकाळी पहिल्या पाळीला पोचले तर फाटकाला कुलूप. आदल्या संध्याकाळी वीज तोडली तेव्हा पट्ट्यावर डाळ होती, ती तशीच राहिली. "लॉट आमच्या हातून पुरा झाला नाही," एवढंच ते सांगत. ती मिल त्यांनी एकेक मोटर आठवून संगणकात उभी केली होती, लंगडणाऱ्या तिसऱ्या पट्ट्यासकट. आणि ती कधी रिकामी होऊ नये म्हणून रोज आल्याआल्या तिच्यात तूर ओतत. हिच्यासाठी मात्र त्यांचा नियम उलटा होता.

गेल्या महिन्यात वरून हुकूम आला, जुने तोतये शुक्रवारपर्यंत कोरे करून नव्या कामाला द्या. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, मी प्रत काढून ठेवते." ते हसले. "प्रत म्हंजे पुन्हा बंद मिलच झाली ना, पोरी."

शुक्रवारी त्यांनी तूर ओतली नाही. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. पट्टे एकामागून एक रिकामे होत गेले, तिसरा सगळ्यांत शेवटी, लंगडत. साहेब दोनदा डोकावून गेले. मी हातानेच त्यांना थांबा म्हटलं. शेवटचं पोतं भरलं. काकांनी एकेक मोटर स्वतः बंद केली आणि मग रिसेट दाबलं. पडदा कोरा झाला. ते आता रडतील असं मला वाटलं; खरं सांगायचं तर मीच रडत होते.

काकांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत घातला.

"लॉट पुरा झाला, पोरी," ते म्हणाले. "आता खुशाल लावू दे कुलूप."