नव्या मंडळीचा पहिला कोंबडा

दिंडोरीजवळच्या आमच्या नव्या ख्रिस्ती मंडळीने देवाला द्यायला राखून ठेवलेला पहिला कोंबडा मी खाल्ला. एकट्याने नव्हे, पण दोन्ही तंगड्या माझ्याच ताटात आल्या होत्या.

मी नाशिकच्या एका चर्चचा पंच, निवृत्त शिक्षक. तीन वर्षं दर रविवारी स्कूटरवरून त्या वस्तीवर जात होतो. द्राक्षबागांत मजुरी करणारी आठ घरं. उपासना कमळाबाईंच्या ओट्यावर. सतरंजी आमची, गीतांची पुस्तकं आमची, ढोलकी आमची. आणि 'आता आपल्या पायांवर उभे राहा' हा उपदेशही आमचाच! (तो करताना मी त्यांच्या खाटेवर बसलेला असे.)

अखेर त्यांनी तो मनावर घेतला. यंदा कापणीच्या सणाला ज्याने त्याने आपल्या घरचं काहीतरी आणून देवापुढे ठेवायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा आणि त्यातून मंडळीची स्वतःची सतरंजी घ्यायची. नाशिकहून काहीही आणायचं नाही. कमळाबाईंचा तर हट्टच होता. त्यांची जाऊ येताजाता टोचायची, "तुमच्या देवाची सतरंजी बी शहरातून येती व्हय?" नवरा गेल्यापासून या बाईंनी कुणापुढे हात पसरला नव्हता. हे बोलणं त्यांना फार लागलं होतं.

सणाच्या आदल्या दुपारी मी तयारी बघायला गेलो. सगळे बागांत छाटणीला गेलेले. ओट्यावर उपडी टोपली, टोपलीवर धोंडा, आणि आत लाल, तुरेबाज कोंबडा. पायाला नवीकोरी रिबीन.

आता माझी बाजू ऐका. तीन वर्षांत मी त्या ओट्यावरून रिकाम्या हाताने कधी परतलोच नव्हतो. कधी मेथीची जुडी, कधी पेरू, कधी अंडी. घरात कुणी नसलं तरी कमळाबाई माझ्यासाठी काहीतरी ओट्यावर ठेवून जायच्या आणि मी ते न विचारता डिकीत टाकायचो. मग हाही आपलाच! मी कोंबडा पिशवीत घातला, टोपली पुन्हा उपडी घातली, वर धोंडा ठेवला. (व्यवस्थितपणा माझ्या अंगातच आहे.)

"अहो, याच्या पायाला रिबीन कशाला?" घरी शीलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"तीन वर्षांची सेवा आहे माझी. सत्कार केला असेल!"

"कुणाला विचारलंत का?"

"प्रेमाने दिलेलं विचारून घ्यायचं नसतं."

संध्याकाळी जेवताना फोन वाजला.

"सर, दुपारी तुम्ही आल्ते का? लिलावाचा कोंबडा दिसंना कुठं."

हातातली तंगडी मी ताटात ठेवली. (अर्धीच उरली होती.) "मुंगूस असेल, कमळाबाई," मी म्हणालो. चर्चचा पंच मी!



"आसंल मुंगूस. पण सर, त्यानं टोपली परत झाकली. वर धोंडा बी ठिवला."

शीलाने त्यानंतर मला काही वाढलं नाही.

रविवारी सकाळी सगळा बाजार पालथा घालून मी तसाच लाल कोंबडा मिळवला. कचऱ्यातून रिबीन शोधली, धुतली, त्याच्या पायाला बांधली. वस्तीवर पोचताच ओरडलो, "सापडला! बागेच्या कडेला फिरत होता!"

कमळाबाईंनी कोंबड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि त्याला टोपलीखाली घातलं.

उपासना झाली. एकेक जण पुढे येऊ लागला. कुणाचा भोपळा, कुणाची नागली, कुणाची पायलीभर बाजरी. सखारामबाबांनी स्वतः वळलेला दोर आणला होता; त्यांनी तो देवापुढे ठेवला आणि डोळे पुसले. ही माणसं आज पहिल्यांदाच घेत नव्हती, देत होती. ओट्यावर एवढी शांतता मी तीन वर्षांत ऐकली नव्हती. (एरवी मीच बोलत असे.)

मग कमळाबाई उठल्या. टोपलीला त्यांनी हात लावला नाही.

"ह्यो मला देता यायचा नाय. माझ्या कोंबड्याची एक नखी तुटल्याली व्हती. ह्यो नाशकाचा हाय. मंग आमचं पयलं दान बी नाशकाहूनच आलं म्हनायचं?"

तोवर मला वाटत होतं, मी चूक निस्तरतोय. मी तर तिला रिबीन बांधून पुन्हा घेऊन आलो होतो! उभा राहिलो.

"मुंगूस मीच होतो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फक्त सखारामबाबांनी हळूच विचारलं, "समदा खाल्ला?"

"सगळा, बाबा."

कमळाबाई आत गेल्या आणि अंडी देणारी कोंबडी काखेत घेऊन आल्या. तिच्या अंड्यांवर त्यांची मीठमिरची चालते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. "ही माझी हाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोंबडी देवापुढे ठेवली. मला मान वर करवेना.

लिलाव सुरू झाला. निदान आता तरी भरपाई करावी म्हणून मी बोलीसाठी हात वर केला.

"सर, हात खाली!" आठही घरं एकदम ओरडली.

कोंबडी सखारामबाबांनी घेतली. सतरंजीपुरतं जमलं. पहिल्यांदा टाळ्या वाजल्या, आणि कमळाबाई तेव्हाच रडल्या.

निघताना त्यांनी आमची जुनी सतरंजी नीट घडी घालून माझ्या स्कूटरला बांधली. बाजारचा कोंबडाही पिशवीत घालून परत दिला.

"कमळाबाई, माफ केलंत ना?" मी विचारलं.

"देवानं केलं, म्या बी केलं," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "पर सर, म्होरल्या रविवारी घरून जेवून या."