मावशी तरंगली, काका बुडाले

माझी मावशी शिवणकाम करायची आणि अंगाने चांगलीच भरलेली होती. तिच्या वजनावर घरात रोज एक तरी विनोद व्हायचा, आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायची. मनातून मात्र लाजायची; आरशासमोर उभी राहायची ती फक्त गिऱ्हाइकांच्या मागे. काका कुलपं दुरुस्त करायचे. किल्लीसारखेच बारीक, किल्लीसारखेच ताठ.

पन्नाशी उलटली आणि मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यात व्यायाम करा. पाणी तुमचं वजन तोलून धरेल."

"मला? अहो, मी दगडासारखी तळ गाठेन!"

तिच्या मापाचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळेना. तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाचा शिवून पाहिला, तर बादलीत बुडवल्यावर तोच तिच्याहून जड झाला. मग ताणलं जाणारं कापड आणून दुसरा शिवला. तो मस्त बसला.

पहिल्या दिवशी काका सोबत गेले. "घाबरू नकोस गं, मी आहे ना!"

तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंनी मावशीला कमरेएवढ्या पाण्यात नेलं. "ताई, मान मागे टाका. छाती भरून श्वास घ्या." मावशीने डोळे गच्च मिटले आणि बाईंच्या हातावर पाठ टेकली.

"हात काढू नका हं, बाई!"

"केव्हाच काढलाय."

मावशीने डोळे उघडले. छतावरचे दिवे सावकाश सरकत होते. जन्मभर स्वतःला उचलून उचलून ती दमली होती, आणि आता तिला दुसरंच कुणीतरी उचलत होतं. तिला रडू आलं, पण भिजलेल्या चेहऱ्यावर ते कुणाला कळणार!

"यात काय मोठंसं," म्हणत काकांनीही अंग टाकलं. आधी पाय खाली गेले, मग कंबर, शेवटी मिशा. खोकत वर आले. परत तेच. "पाण्यातच खोट आहे!" ते म्हणाले.

बाई हसल्या. "नुसत्या वजनावर काही नसतं, काका. आपण जेवढी जागा व्यापतो, तेवढ्या पाण्यापेक्षा जड असलो तर खाली, हलके असलो तर वर. चरबी पाण्याहून हलकी, हाडं नि स्नायू जड. तुम्ही सगळे हाडंच! छातीत हवा धरून ठेवा, जमेल."

घरी आल्यावर मावशीने पेलाभर पाण्यात थोडं तेल ओतलं आणि चमचा टाकला. तेल वर पसरलं, चमचा खणकन तळाला. "ही मी. आणि हे तुम्ही."

काकांनी पेल्यात डोकावून पाहिलं. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून तलावावर निघाले. श्वास कोंडला की तरंगायचे, तोंड उघडलं की बुडायचे. "लग्न झाल्यापासून एवढे गप्प पहिल्यांदाच पाहिले," मावशी सगळ्यांना सांगत सुटली.

पुढे गुडघे बरेच सुधारले, वजन मात्र तसंच राहिलं. तिने दुकानाबाहेर पाटी लावली: 'पोहण्याचे कपडे, सर्व मापांत'. लाजून घरी बसलेल्या कितीतरी बायका माप द्यायला आल्या. आता शनिवारी सकाळी तलावाच्या उथळ कडेला त्यांचाच गलका असतो, आणि पलीकडे खोल पाण्यात मावशी निवांत उताणी पडलेली असते.