मागच्या जीपची बॅटरी

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजाराच्या मागे एका गॅरेजमध्ये मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचो. एका सकाळी आमचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा मालक, दारात एक घर घेऊन आला. घर म्हणजे खरोखरच घर. बसएवढी लांब गाडी, तिच्यात पलंग, ओटा, फ्रिज, छोटीशी मोरी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून त्याने ती घेतली होती. आत चढताना मी नकळत चपला बाहेर काढल्या. मग ऑइलने माखलेला शर्ट घालून आपण अनवाणी कशाला उभे आहोत, ते माझं मलाच कळेना.

अर्बाबने आधी गाडीकडे बोट दाखवलं आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या जीपकडे. आमचं बोलणं अर्धं अरबी आणि अर्धं हिंदी असायचं, इथे मराठीत लिहितो.

"ही जीप हिच्या मागे जोडायची. दोरीने नाही, लोखंडी दांड्याने. पार दक्षिणेला, सलालापर्यंत न्यायचीय."

"अर्बाब, मग जीप सरळ चालवतच नेऊ या की."

"दोन गाड्या मी आणि माझ्या मुलीने चालवायच्या? मग आई एकटी पडेल."

"मग जीप नेताच कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला ठाऊक असायलाच हवं होतं. मग सांगितलं. त्याच्या आईच्या पाठीचं दुखणं इतकं वाढलं होतं की तिला तासभरही बसवत नव्हतं. तिला आडवी झोपवून न्यायचं, म्हणून हे घर. पण सलालाच्या डोंगरावर पावसाळ्यात चिखल होतो, तिथे हे धूड चढणार नाही, म्हणून जीप. आईला तो हिरवा डोंगर बघायचा होता.

"आणि पोचल्यावर जीप चालू झाली पाहिजे. बॅटरी उतरली तर सगळंच खलास. यल्ला, लाग कामाला."

संध्याकाळी गावी बायकोला फोन केला आणि सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "अवो, गाडयेच्या पाठसून गाडी कित्याक व्हयी?" मी समजावून सांगायला गेलो आणि मध्येच अडकलो. नीट मलाही उमगलं नव्हतं.

अशी जीप ओढत नेताना तिची चारही चाकं रस्त्यावर असतात. किल्ली पूर्ण काढली तर स्टिअरिंग लॉक होतं आणि चाकं वळत नाहीत. म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवायची. पण किल्ली अर्धी फिरली की जीप अर्धी जागी राहते आणि इंजिन बंद असताना बॅटरी खात बसते. पहिल्यांदा आम्ही सवादीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं, तेव्हा तेच झालं. जीप मेलेली.

यावर उपाय मला माहीत होता, निदान असं मला वाटत होतं. मोठ्या गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. पुढची इंजिन सुरू करायला, आणि मागे पलंगाखाली दुसरी, घरातल्या दिव्यांना आणि फ्रिजला. इंजिन चालू असलं की दोन्ही चार्ज होत. पलंगाखालची शेपटाजवळ होती, म्हणून तिच्यावरून एक जाड लाल वायर काढून मी जीपच्या बॅटरीला जोडली. रस्ताभर मोठी गाडी जीपला पाजत जाईल, हा हिशोब.

पुन्हा सवादी. पोचल्या पोचल्या किल्ली फिरवली आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्बाबने पाठीवर जोरात थाप मारली. आम्ही मासे भाजून खाल्ले, वाऱ्यावर लांबलचक डुलकी काढली आणि निघायच्या आधी त्याने सहज म्हणून जीप चालू करून पाहिली. टक. एवढाच आवाज.

आता मात्र मी चक्रावलो. या वेळी किल्ली मी स्वतः काढून खिशात ठेवली होती. उभ्या जीपची बॅटरी कोण खात होतं? मी नवी बॅटरी टाकली, वायर तपासली, सगळे फ्यूज काढून घातले. मग गॅरेजातच मोठ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून तासभर पाहिलं. सगळं ठीक. अर्बाब येऊन विचारी, "झालं?" मी म्हणे, "झालं." पण काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि बहुतेक त्याला ते दिसत होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "तू पण चल."

अशा रीतीने मी सलालाला निघालो. नोकर म्हणून की पाहुणा म्हणून, ते कुणी सांगितलं नाही. पुढे अर्बाबच्या बाजूला मला बसवलं. मागे पलंगावर त्याची आई, आणि आईजवळ त्याची मुलगी. मुलगी रुस्ताकला शाळेत शिकवायची आणि टीव्हीवरच्या मालिका बघून फर्डं हिंदी शिकली होती. ती आजीला "बीबी, बीबी" म्हणून हाक मारायची. नात आजीला बीबी का म्हणते, हे विचारायचा मला धीर होईना.

आई सारखी काहीतरी बोलायची, मोठ्याने, लयीत. मला एक शब्द कळत नव्हता. इतकी वर्षं या देशात काढून आपली अरबी अजून एवढी कच्ची, याची मला शरम वाटायला लागली. अदम गाव मागे पडलं, दोन्हीकडे सपाट वाळवंट सुरू झालं, तेव्हा न राहवून मी मुलीला विचारलं, "अम्मा क्या बोल रही हैं? मुझे कुछ समझ नहीं आता।"

ती म्हणाली, "मुझे भी नहीं आता, भैया। ये अरबी नहीं है।"

मग कळलं. आईचं बालपण झांझिबारला गेलं होतं. लग्नाच्या वयात ती गलबतातून ओमानला आली, जन्मभर अरबी बोलली, आणि आता म्हातारपणी तिची लहानपणची आफ्रिकेतली भाषा परत आली होती. त्या भाषेत आजीला बीबी म्हणतात, तेवढाच एक शब्द नातीपर्यंत पोचला होता. अर्बाबला थोडीफार यायची, पण तोही लहानपणची विसरला होता. एका गाडीत आम्ही चौघं, आणि जी सर्वांत जास्त बोलत होती तिचं कुणालाच कळत नव्हतं.

हैमाला मुक्काम केला. पेट्रोल पंपाजवळ हॉटेल होतं, मशीद होती, वारा गार होता. बायका गाडीत खिडक्या उघड्या टाकून झोपल्या आणि आम्ही दोघं बाहेर चटईवर. सकाळी उठून मी चहाच्याही आधी जीपकडे गेलो. टक.

अर्बाब दात घासत उभा होता. तो आवाज त्यानेही ऐकला.

मी केबल लावून मोठ्या गाडीच्या पुढच्या बॅटरीवरून जीप सुरू केली आणि तिचं इंजिन तसंच चालू ठेवलं. मोठी गाडी बंदच होती. लाल वायर एकदा पुन्हा बघावी म्हणून मी ती जीपकडून सोडवली, तर आतून मुलगी ओरडली, "भैया, बत्ती चली गई! फ्रिज भी बंद!"

मी वायर परत जोडली.

"आ गई!"

सोडवली.

"गई!"

मी वायर हातात धरून नुसता उभा राहिलो. मला वाटत होतं मोठी गाडी जीपला पाजते. इथे तर एवढीशी जीप अख्खं घर पोसत होती. अर्बाब तोंडातला फेस थुंकून जवळ आला. "कोण कोणाला चार्ज करतंय?" त्याने विचारलं.

ते समजायला मला थोडा वेळ लागला. पलंगाखालची बॅटरी जुनी होती. इंजिन चालू असेतो ती धडधाकट दिसायची आणि इंजिन बंद झालं की थोड्याच वेळात दम टाकायची. फ्रिज तर चालूच. मग फ्रिजला लागणारी वीज त्याच लाल वायरीतून उलटी, जीपमधून यायची, जीप रिकामी होईपर्यंत. जीप उतरू नये म्हणून घातलेली वायरच जीपला उतरवत होती. सवादीला हेच झालं होतं आणि गॅरेजात इंजिन चालू ठेवून पाहिल्यामुळे ते मला दिसलं नव्हतं.

मुलगी दारात येऊन ऐकत होती. तिच्या हातात फ्रिजमधला एक डबा होता. "इसमें बीबी की इन्सुलिन है," ती म्हणाली. "अगर जीप बिजली नहीं देती, तो ये रात भर गरम हो जाती?"

"हां," मी म्हणालो.

"तो ये गलती थी या अच्छा हुआ?"

मी अर्बाबकडे पाहिलं, अर्बाबने माझ्याकडे. शिवी बसणार की शाबासकी मिळणार याचा मला अंदाज येईना, आणि मला वाटतं त्यालाही येत नव्हता. शेवटी तो चहा सांगायला निघून गेला.

दुरुस्ती तशी सोपी होती. मोठ्या गाडीचं इंजिन चालू असेल तेव्हाच वायर जोडली जाईल आणि बंद झालं की आपोआप तुटेल, असा रिले मध्ये घालायचा. हैमाला रिले मिळेना, म्हणून मी जीपच्या हॉर्नचा काढून बसवला. इन्सुलिनचा डबा हॉटेलातल्या बर्फात, थर्मासमध्ये गेला. फ्रिज इंजिन चालू असेल तेवढाच चालणार होता. आईने खिडकीतून माझा हा सगळा खटाटोप पाहिला आणि काहीतरी विचारलं. मी मान डोलावली.

थुमरैत सोडल्यावर डोंगर उतरताना अचानक धुकं आलं. त्याआधी चटका देणारं ऊन, आणि एका वळणानंतर काचेवर थेंब, समोर पांढरा पडदा. अर्बाब दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून "बिस्मिल्ला" पुटपुटत उतरत होता. मागची जीप नीट येतेय ना, हे आरशात दिसत नव्हतं. दांड्याचा आवाज ऐकत मी बसलो होतो. खाली सलालाला पोचलो, मी धावत मागे गेलो आणि किल्ली फिरवली. चालू. रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा फिरवली. चालू! पलंगाखाली त्याच दिवशी नवी बॅटरी बसवली आणि फ्रिजही मार्गी लागला.

डोंगरावर जीप मी चालवली. आई माझ्या बाजूला पुढेच बसणार म्हणून हटून बसली. पाठीला उशा लावल्या. अर्बाब आणि मुलगी मागे. रस्त्यात धुक्यातून उंट यायचे आणि मधोमध उभे राहायचे. मी हॉर्न दाबला तर गप्प. त्याचा रिले मीच काढला होता, ते विसरलो होतो. तेव्हा आईने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि खणखणीत आवाजात त्या उंटाला असं काही सुनावलं, की तो खरंच बाजूला झाला. मागे मुलगी हसून हसून बेजार. अर्बाबच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एवढी भाषा त्याला येत असावी.

वर गवत गुडघाभर वाढलेलं, सगळीकडे हिरवं आणि ओलं. जीप बंद केली. आई खाली उतरली नाही. उघड्या दारातून ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून बोलू लागली. मुलाकडे नाही, नातीकडे नाही, माझ्याकडे. लांबलचक काहीतरी सांगितलं, मध्येच हसली, मध्येच थांबली. मी "हां अम्मा, हां अम्मा" करत राहिलो. शेवटी तिने एक प्रश्न विचारला. प्रश्न होता एवढं कळलं, कारण ती उत्तराची वाट बघत होती. तिच्या बोलण्यात मला स्पष्ट "चंबू" ऐकू आलं. तहान लागली असेल असं वाटून मी धावत मागून पाण्याची बाटली आणली आणि पेला भरून तिला दिला.

तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग ती पाणी प्यायली, सगळं, आणि पेला परत देताना माझा हात थोपटला.

परत येताना आई मागे नातीजवळ बसली आणि अर्बाब माझ्या बाजूला. मी त्याला विचारलं, "अम्माने काय मागितलं होतं? चंबू?"

"चोम्बो," तो म्हणाला. त्याने समोरची धुरकट काच पुसली. "चोम्बो म्हणजे भांडं. गलबतालाही चोम्बोच म्हणतात."

"मग त्यांना पाणी हवं होतं की...?"

"मला माहीत नाही."

"विचारा ना."

तो मागे वळला आणि आईला अरबीत विचारू लागला. पण आई उशीला टेकून झोपी गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ते चाकांवरचं घर अर्बाबने विकलं. जीप ठेवली. आई त्यानंतर बरीच वर्षं होती, पण रुस्ताकच्या बाहेर कधी गेली नाही, आणि शेवटी शेवटी तर अरबी पूर्णच विसरली. मी कामानिमित्त अर्बाबच्या घरी गेलो की ती मला बोलावून शेजारी बसवायची आणि बोलत राहायची. निघताना नात मला दारात गाठून हळूच विचारायची, "भैया, आज क्या बोलीं?"

मी म्हणायचो, "पता नहीं।" आणि पाणी हवंय का, ते बघायला परत आत जायचो.