स्वतःच्याच धुराआड

“दिसतंय का रे? अरे, दिसतंय का?” चाचणीच्या तळावर आमचे साहेब असे ओरडले की समुद्र दोन पावलं मागं सरला. दुर्बिणीतून क्षेपणास्त्राच्या शेपटीचा जाळ नजरेत धरून ठेवणं हे माझं काम. एरवी मी चंद्रावरच्या माशीच्या मिशा मोजतो. पण वारा फिरला आणि क्षेपणास्त्राचाच धूर मध्ये आला. ते समोरच उडत होतं, स्वतः सोडलेल्या धुराआड, एकटं. स्वतःच्या थापांआड मीही असाच असेन, असं उगाच वाटून गेलं.

संध्याकाळी बायकोला फोन लावला. चंद्र, माशी सगळं गाळून म्हणालो, “मला इथं फार एकटं वाटतं गं.”

“बरं,” ती म्हणाली, “आता खरं काय ते सांगा.”