डाव्या इंजिनाची सही

विमान कंपनी बुडाली की लोक म्हणतात, शेठ बुडाला. कसला बुडतोय शेठ! आमचा शेठ पुढे कापडाच्या धंद्यात शिरला आणि गब्बर झाला असं ऐकलं. बुडायचं ते आमच्यासारख्यांनी, अंबरनाथच्या दोन खोल्यांत बसून. मी जन्मात विमानात बसले नाही, पण त्या कंपनीनं मला दमवलं ते दमवलंच. अजून तो विषय निघाला की अंग जड होतं.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा आमचे हे दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर, नळाला पाणी. सकाळी भोंगा झाला की हे निघायचे आणि संध्याकाळचा भोंगा झाला की मी डाळीला फोडणी घालायची. मला आणखी काही नको होतं. ह्यांना हवं होतं. युद्धाच्या दिवसांत ह्यांनी लष्कराच्या विमानांवर काम केलेलं, परीक्षा देऊन लायसन मिळवलेलं. कारखान्यात सगळं होतं, पण इंजिन नव्हतं, म्हणून हे घरात गप्प गप्प असायचे.

फाळणीच्या वर्षी मुंबईच्या एका शेठनं युद्धातून उरलेली चार डाकोटा विमानं भंगाराच्या भावात उचलली आणि कंपनी काढली. लायसनवाली माणसं हवीच होती. पगार दुप्पट सांगितला. ह्यांनी राजीनामा दिला, क्वार्टर सोडलं आणि गावात भाड्याच्या खोल्या घेतल्या. मी म्हटलं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय तुम्ही." हे हसून म्हणाले, "पळत्याच्या कुठे, उडत्याच्या लागलोय." इतकं मोकळं हसताना मी ह्यांना पहिल्यांदा बघितलं, म्हणून पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सुरुवातीला खरंच जोरात चाललं. कराचीहून माणसं आणायची, पुन्हा रिकामं विमान न्यायचं, पुन्हा भरून आणायचं. आतल्या खुर्च्या काढून टाकलेल्या, माणसं जमिनीवर बसायची. आमच्याकडे कल्याण कॅम्पातून, म्हणजे आताच्या उल्हासनगरातून, एक सिंधी बाई पापड विकायला यायची. तिला कळलं हे विमानावर आहेत, तर दारातच बसली. म्हणाली, "भाभी, हम भी ऐसे ही आये." मांडीवर पोर, पायाशी ट्रंक, आणि विमान हललं तशी ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या टोपीत ओकली. सांगताना ती हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून मोजलेल्या पापडांवर चार पापड जास्त ठेवायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

ह्यांचं काम काय, ते मला तेव्हा समजलं. विमान उडायच्या आधी एका कागदावर सही लागते, की मी हे तपासलंय, हे उडायला लायक आहे. ती सही लायसनवाल्याची. पायलट कितीही मोठा तालेवार असो, त्या सहीवाचून त्याला जागचं हलता येत नाही. सही करण्याआधी हे दोनदा साबणानं हात धुवायचे म्हणे. बदलापूरला राहणारे एक वयस्कर फिटर ह्यांच्या हाताखाली होते, रोज विमानतळावर जाता-येता बरोबर असायचे. ते सांगायचे, "वहिनी, दादांची सही पडली की पायलट डोळे मिटून बसतो." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग निर्वासितांची वाहतूक संपली आणि कंपनीचे दिवस फिरले. आमच्या शेठसारखे आणखी बरेच जण तीच विमानं घेऊन बसलेले. माणसं तेवढीच आणि विमानं ढीगभर. पेट्रोल महागलं. अर्धं विमान रिकामं उडायचं. शेठनं मात्र फोर्टात ऑफिस थाटलेलं, गाद्यांच्या खुर्च्या, दाराशी पट्टेवाला. बडा घर पोकळ वासा! पेट्रोलवाल्यानं उधारी बंद केली. सुटे भाग येईनात. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. चार विमानांची तीन झाली, तिनांची दोन. बाकीची गवतात उभी, आतून खाल्लेली. पगार आधी लांबला, मग अर्धा झाला, मग थांबला.

त्यात दुष्काळात तेरावा महिना, मला सातवा लागलेला. पोरगी तीन वर्षांची. वाण्याकडे जाताना मी दुपारची वेळ गाठायची, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हाची. पापडवालीकडून पापड घेणंही बंद केलं, तर ती म्हणे, "पैसे का क्या है भाभी, बाद में." जिचं सगळं घरदार गेलं तिनं मला उधार द्यावं, ह्याची मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसले. बिचारी टोपली उचलून निघून गेली.

अशात एका रविवारी कंपनीचे मॅनेजरसाहेब मोटार घेऊन आमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. आळीतली पोरं मोटारीभोवती गोळा झाली. साहेब आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न भावनगरला होतं. अख्खं वऱ्हाड विमानानं जाणार, पैसे आगाऊ भरलेले. एवढी खेप झाली तर सगळ्यांचे पगार. नाही झाली तर कंपनीला कुलूप.

"मग नड कुठे आहे?" मी आतून विचारलं. मला राहवलं नाही.

नड डाव्या इंजिनाची होती. ठरावीक तास चाललं की इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं, असा नियम. डाव्या इंजिनाचे तास भरले होते. खोलायला पैसे नव्हते आणि तेवढे दिवसही नव्हते. साहेबांना ह्यांची सही हवी होती.

हे म्हणाले, "खोलल्याशिवाय मी सही करत नाही."

"अहो, दोन तासांचा तर प्रवास. तास भरले हे त्या इंजिनाला कळतंय थोडंच?" साहेब उठले. "चाळीस घरं आहेत ह्याच्यावर. विचार करा." पेढे ठेवून गेले.

मोटार वळली नाही तोच मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं आठवतं मला, विसरले असते तर बरं झालं असतं. म्हटलं, "सहीच करायचीय ना, कुणाचा गळा तर कापायचा नाही? इतके दिवस उडतंय ते, आणखी दोन तास नाही उडणार?"

"उडेलही," हे म्हणाले. "पण मला माहीत नाही. माहीत नसताना माहीत आहे असं लिहायचं?"

"लिहा! पोरीला दूध नाही घरात. तिला सांगा जाऊन तुमचं माहीत असणं-नसणं. सोन्यासारखी सरकारी नोकरी सोडलीत तेव्हा मी तोंड शिवून बसले. आता नाही बसणार. करा सही!"

ह्यांनी पेढ्यांचा पुडा उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. दोन दिवसांनी सकाळी निघाले ते डबा न घेता. मला वाटलं रुसलेत. म्हटलं, रुसा. पगार आला की रुसवा जाईल.

संध्याकाळी बदलापूरचे फिटर एकटेच आले. ओट्याखालीच उभे राहिले. "वहिनी, दादा आज येणार नाहीत. विमानातून गेलेत भावनगरला."

"विमानातून? हे कशाला?"

ते गोंधळले. "तुम्हाला ठाऊक नाही? आमच्यात पहिल्यापासूनची रीत आहे. मोठ्या कामाची सही ज्यानं केली, त्यानं त्या खेपेला आत बसायचं. दादांनीच पाडली ती रीत."

मी दाराची चौकट धरली. पोटातलं पोर ढुशा देत होतं. आगीत जाऊ दे तो पगार, असं मी मोठ्यानं म्हणाले. सकाळी पोरीला कडेवर घेऊन, एवढं पोट सावरत, शंकराच्या जुन्या देवळात गेले. तिथं गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरताना लोक हात धरायला आले. देवाला एकच मागितलं, हे परत येऊ देत.

हे तिसऱ्या दिवशी दुपारी आले, रेल्वेनं. सदऱ्यावर तेलाचे डाग. "आलो," म्हणाले आणि आंघोळीला गेले. बाकीचं मला फिटरांकडून कळलं. समुद्रावर असताना डाव्या इंजिनातून तेल गळायला लागलं. पायलटनं ते बंद केलं आणि एकाच इंजिनावर विमान उतरवलं. मागे बायका लग्नाची गाणी म्हणत होत्या, त्यांना पत्ताही लागला नाही. उतरल्यावर नवऱ्या मुलाच्या आईनं ह्यांच्या हातावर साखर ठेवली.

ते विमान भावनगरलाच राहिलं, आणायला पैसे नव्हते. आगाऊ पैशांतून एका महिन्याचा अर्धा पगार मिळाला आणि कंपनीला कुलूप लागलं ते लागलंच. पुढे सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, तिथली माणसं सरकारी झाली. आमची तोवर टिकली नव्हती. हे पुन्हा कारखान्याच्या दारात उभे राहिले. घेतलं त्यांनी, पण खालच्या पायरीवर. ह्यांनी ज्यांना पाना धरायला शिकवलं, ते आता ह्यांचे वरचे.

भावनगरहून आल्यापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मुलगा झाला तेव्हाही हसले ते तेवढ्यापुरतं. कारखान्यात रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बूट पुसत बसलेले. मला आता ते ओझं सोसवेना. मी समोर जाऊन बसले.

"अहो, मी चुकले. पण मला सांगायचं तरी, की सही केली तर तुम्हालाही बसावं लागेल."

हे वर न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर तू सही करू नका म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! शंभरदा म्हणाले असते!"

"हो ना," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मी भांडले असते. "म्हणजे मी आत नसतो, तर बाकीचे गेलेले तुला चालणार होते."

ह्यांनी दुसरा बूट घेतला. मी उठून मुलाला पाजायला घेतलं.