तांदळातलं नाव

१९८२ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. त्या साली डिसेंबरातल्या एका रविवारी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — मुलाला नाही, देवालाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय की काय, कोण जाणे.

मी सुतार. सोलापूरचा, चौथी शिकलेला. बायको गेल्यावर मुलानं, सुरेशनं, मला इकडे डेट्रॉइटजवळ नोव्हायला आणलं. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. सून लिंडा, इथलीच. गॅरेजमध्ये त्यांनी मला रंधा, करवत, सगळं घेऊन दिलं होतं. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत लाकडाचा वास — दिवस कसा सरकायचा कळायचं नाही. कधी वाटायचं, मी सोलापुरातच आहे आणि कुणीतरी दारात पीठ सांडून गेलंय.

लिंडाचे वडील, माझे व्याही, वॉल्टर. रिटायर झाल्यापासून त्यांना एकच नाद — पूर्वज शोधायचे. त्यांचे लोक मूळचे फ्रान्सचे, ह्यूगेनॉट. म्हणजे ख्रिश्चनच, पण राजाहून वेगळ्या पंथाचे. राजा म्हणाला पंथ सोडा, यांनी देश सोडला. आधी हॉलंड, मग इंग्लंड, मग बोटीनं न्यूयॉर्क, आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या सरकत मिशिगन. फ्रान्समध्ये आडनाव शार्पांतिए, हॉलंडात टिमरमन, इथे कार्पेंटर. तिन्हींचा अर्थ सुतार. सुरेशनं हे मला मराठीत सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग इतके दिवस बोलला का नाहीत? आमच्याच जातीचे निघालात की." वॉल्टर डोळ्यांत पाणी येईतो हसले.

पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. नाव बदललं की माणूस हरवतो. त्यांची कुणी एक खापरपणजी — फ्रान्समध्ये एका नावाची, हॉलंडातल्या चर्चच्या वहीत दुसऱ्याच नावाची. ती सापडायला त्यांची कित्येक वर्षं गेली. सापडली त्या दिवशी लायब्ररीत बसून रडलो, म्हणाले. एका मेलेल्या बाईच्या नावासाठी? मला मनातून हसू आलं होतं.

लिंडाला दिवस गेले तेव्हा त्यांनी बाळासाठी दोन्ही घराण्यांचा एक वंशवृक्ष काढला. जाड कागद, देखणं अक्षर. चौकट मी केली, ओकची. त्यांच्या बाजूला फांद्याच फांद्या. माझ्या बाजूला आजा, बाप, मी. आणि माझ्या शेजारी एक जागा रिकामी. त्या रविवारी जेवणं झाल्यावर वॉल्टरनी पेन उघडलं आणि सुरेशकरवी मला विचारलं — लग्नाआधी यांच्या बायकोचं नाव काय होतं?

लग्नात तिचं नाव बदललं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सरस्वती' मी स्वतः लिहिलं होतं. मला लिहिता येतं याची केवढी ऐट होती. त्या अक्षरांकडेच बघत राहिलो. तिचं जुनं नाव भटजींनी घेतलं असेल, सासऱ्यांनी घेतलं असेल. मी ऐकलंच नाही? की ऐकून सोडून दिलं? सगळा जन्म एका घरात काढला आणि मला ते नाव ठाऊक नव्हतं.

आणि — हेही सांगायलाच हवं. शेवटच्या आजारात दवाखान्यात ती म्हणाली होती, एकदा मला माहेरच्या नावानं हाक मारा. मी म्हणालो, "या वयात हा काय पोरखेळ?" आणि खाली चहा प्यायला गेलो. बराच वेळ बसलो तिथे. वर आलो तर ती भिंतीकडे तोंड करून होती. पुन्हा तिनं मागितलं नाही. तिला कळलं असेल का?

"आईचं माहेरचं नाव मलाही माहीत नाही, आप्पा," सुरेश म्हणाला. "बार्शीला मावशीला फोन लावू का?"

"तिला काय ठाऊक? ती तेव्हा पाळण्यात होती."

पाळण्यात नव्हती. तांदळाचं ताट धरून परकर-पोलक्यात तीच उभी होती.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, बारीक, कण्यांसारखा. मला त्यात ते ताट दिसलं, तांदळात ओढलेली रेघ दिसली, आणि बघता बघता ती बुजत गेली. मी म्हणालो, "मंजुळा."

मंजुळा दवाखान्यातली आया. माझ्या बायकोची वेणी घालायची. तिचं नाव माझ्या लक्षात राहिलं होतं.

वॉल्टरनी ते इंग्रजीत जपून लिहिलं आणि खाली मराठीत लिहायला पेन माझ्या हाती दिलं. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. लिंडानं पोटावर हात ठेवून ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, मुलगी झाली तर हेच. तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही का? वॉल्टरनी माझा हात धरला. "सापडली," सुरेशनं त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं. "म्हणतायत, सापडली."

मुलगीच झाली. आता शाळेत जाते. मंजुळा म्हणून हाक मारली की "व्हॉट, आजोबा?" करत धावत येते. बार्शीचा फोन मीच घेत आलो, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. गेल्या उन्हाळ्यात मेहुणी वारली. आता ते नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

कधी गॅरेजमध्ये डोळा लागतो आणि ती दारात येऊन उभी राहते, पदराला भुसा लागलेली. हाक मारायला मी तोंड उघडतो. ती वाट बघते. बराच वेळ बघते.

त्या रविवारचं एवढंच सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेश हातोडी घेऊन भिंतीपाशी उभा होता. त्याच्या हातून खिळा तिरका जातो. मी हातोडी मागून घेतली, ओळंबा धरून जागा पाहिली आणि चौकट स्वतः टांगली. तसूभरही तिरपी नाही.