आमच्या दाराशी बसणारा आवाज

वडील गेले आणि आई इब्रामपुरात लोकांच्या शेतांत लावणीला जाऊ लागली. दारोदार बांगड्या भरणाऱ्या काकणकाराला वडील गेल्याचे आधी ठाऊक नव्हते. तेराव्याच्या आतच तो अंगणात येऊन ओरडला, "काकणां भरूक येवा गे!" आईचे मोकळे हात दिसले, तसा तो मागे फिरला.

माणूस बोलका. बांगडी चढवताना तोंडाकडे न बघता हाताशीच बोलायचा, "सैल सोड गे बाय. राग माझ्यार, मगे काकणार कित्याक?" पण त्या दिवसापासून आमचे कुंपण आले की त्याची हाक बंद व्हायची आणि पुढच्या घराशी पुन्हा सुरू व्हायची. तो चांगल्या मनानेच गप्प राहायचा. आईला मात्र ते लागायचे. "घोव माझो गेलो. चेडू असा मगे घरात?" ती माझ्याकडे बोट करून म्हणायची.

माझा निकाल लागला त्या दिवशी तिनेच त्याला अडवले. "मामा, आमच्याच दाराकडे तुमचो आवाज बसता? चेडवाचे हात भरा."

त्याने भरले. काढलेल्यांतली दोन काकणे उरली, तेव्हा त्याने आईकडे पाहिले. तिने हात पदराखाली घेतले. ती दोन्ही त्याने माझ्याच हातांत चढवली.

आता काकणकार कुणाच्याच दारी येत नाही. त्याने माझे हात भरले त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.